ओळखीची रेघ

मशीनमध्ये काहीच दोष नाही, असं कंपनीचा इंजिनिअर म्हणाला तेव्हा मी त्याच्यावर वैतागलेच. कंपनीची माणसं नेहमी असंच म्हणतात. मशीन जळून कोळसा झालं तरी म्हणतील, मॅडम, तुमच्याकडचा प्लग बघा. सकाळपासून तो आमच्या लॅबच्या कोपऱ्यात खोकी फोडत, वायरी जोडत, मधूनच पडद्याकडे बघून स्वतःशी मान हलवत बसला होता. आता त्याला एक नॉर्मल नमुना हवा होता, म्हणजे धडधाकट माणसाचं थोडं रक्त. नवं मशीन आलं की आधी त्याला निरोगी माणूस दाखवायचा, मग आजारी. नाहीतर आजार कशाला म्हणायचं ते त्याला कळणार कसं? निरोगी माणूस शोधायला आम्ही बाहेर जात नाही. जो समोर असेल त्याने बाही वर करायची, अशी आमच्याकडची जुनी रीत आहे. बाकी सगळे मीटिंगला गेले होते आणि समोर मी एकटीच होते. दंडाला पट्टा बांधून मी माझं रक्त मीच काढलं, तेव्हा इंजिनिअरने तोंड फिरवलं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या करायला वेळ लागतो. तेवढ्यात त्याने डबा उघडून जेवून घेतलं. मग मी त्या पेशी मशीनच्या बोटभर डबीत सोडल्या, झाकण लावलं आणि पडद्यावरची रेघ उतरायची वाट बघत उभी राहिले.

ही रेघ म्हणजे डबीतला ऑक्सिजन. झाकण लागलं की बाहेरची हवा बंद. आतल्या पेशी आहे त्यावर श्वास घेतात, ऑक्सिजन कमी होत जातो, रेघ खाली येते. आपण नाकाने घेतो तो श्वास म्हणजे नुसती हमाली आहे. खरा श्वास पेशीच्या पोटात चालतो, मायटोकॉन्ड्रियामध्ये. शाळेच्या पुस्तकात त्यांना तंतुकणिका म्हणतात. खाल्लेलं अन्न तिथे जळतं, पण चुलीसारखं भडकून नाही, तर टप्प्याटप्प्याने, निगुतीने, आणि त्यातून पेशीला वापरता येईल अशी ताकद तयार होते. पेशी धडधाकट असेल तर रेघ झरझर उतरते. मग आम्ही डबीत एका औषधाचा थेंब सोडतो. त्याने पेशीचे सगळे ब्रेक निघतात. आता धाव किती धावायचं तेवढं, असं तिला सांगितल्यासारखं होतं. निरोगी पेशीची रेघ तिथे कड्यावरून दगड पडावा तशी कोसळते. पेशीत राखीव ताकद किती आहे ते त्यावरून कळतं. माझी रेघ निवांत उतरत होती. थेंब सोडल्यावर ती जराशी हलली, हाक ऐकून कोणी झोपेत कूस बदलावी तशी, आणि पुन्हा आपल्या चालीने चालू लागली.

मी पुन्हा करून पाहिलं. तसंच झालं. पेशी बाहेर जास्त वेळ राहिल्या असतील, बर्फ वितळला असेल, थेंब जुना असेल. आमच्या धंद्यात काही चुकलं की आधी स्वतःच्या हातांवर संशय घ्यायची शिस्त असते आणि मी ती इमानेइतबारे पाळत होते. शेवटी इंजिनिअरच म्हणाला, माझं घ्या. डोळे मिटून त्याने हात पुढे केला. पुन्हा तेवढाच वेळ, तोच बर्फ, तोच थेंब. त्याची रेघ अशी कोसळली की तो स्वतःच खूश झाला. मग त्याने माझ्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. मशीन ठीक आहे मॅडम, असं पुन्हा एकदा हळू आवाजात म्हणून तो आपले स्क्रूड्रायव्हर पिशवीत भरू लागला. पडद्यावर दोन्ही रेघा एकाच चौकटीत होत्या. त्या कोणाच्या, याची कुठे नोंद नव्हती.

तेवढ्यात बर्फवाली आत आली. तिला लॅबमध्ये सगळे बर्फवालीच म्हणतात, कारण बर्फाची बादली हातात नसलेली ती कोणी पाहिलेली नाही. पेशी जरा कोमट झाल्या की मरायला लागतात आणि हिला कशाचंही मरण खपत नाही. माझ्यापेक्षा ती थोडी मोठी. मी नोकरीला लागले तेव्हापासून आमची टेबलं शेजारी शेजारी आहेत. दारातच ती थबकली. तिथून पडद्यापर्यंत बरंच अंतर होतं. तिने दोन रेघांकडे पाहिलं, बादली हळूच खाली ठेवली आणि म्हणाली, "अगं, तू तुझं स्वतःचं कशाला लावलंस?"

मी हसले. हसायचं कारण काही नव्हतं, पण सवय असते. नंतर ते वाक्य हळूहळू आत उतरलं. मी तिला काही सांगितलं नव्हतं. इंजिनिअर गप्प होता. माझ्या हातावरचा कापूस बाहीखाली झाकलेला होता. आणि तरी ती दारातून, चष्मा डोक्यावर असताना, ती रेघ माझी आहे हे ओळखून गेली होती. जिन्यातल्या पावलांवरून घरचं माणूस ओळखावं, तितक्या सहज. एकदा पाहिलेली गोष्ट अशी ओळखता येत नाही. माझ्या पेशींचा श्वास कसा चालतो हे तिला पाठ होतं, आणि मला तो आज पहिल्यांदा दिसत होता. तिलाही आपण काय बोललो ते एका क्षणाने उशिरा कळलं असावं. तिने चष्मा डोळ्यांवर ओढला आणि इंजिनिअरला विचारलं, चहा घेणार का. मला आठवतं, त्या वेळी मला राग आला नाही. पायाखाली पायरी आहे असं धरून पाय टाकावा आणि पायरी नसावी, तसं काहीतरी झालं.

एक काळ असा होता की या लॅबमध्ये मला नॉर्मल म्हणत. जुनं मशीन होतं तेव्हाची गोष्ट. पडदा नव्हता, कागदाची गुंडाळी सरकायची आणि निळं पेन त्यावर रेघ काढत जायचं. मी नवी, तरुण, आणि माझी शीर ठसठशीत. सकाळी पेशंटचा नमुना आला की सर, म्हणजे आमचे त्या वेळचे प्रमुख, आपल्या खोलीतून हाक मारायचे, नॉर्मलला बोलवा रे. मी बाही सरसावत जायची. मला त्याचा केवढा अभिमान. घरी आईला सांगितलं होतं, अख्ख्या लॅबमध्ये निरोगी माणूस म्हणून मलाच निवडलंय. आई म्हणाली होती, म्हणजे बाकीचे मेलेलेच असणार. आईची जीभ अशीच. लहानपणापासून तिने मला गोगलगाय म्हटलं. पाणी भरायला गेले तर गोगलगाय, शाळेतून सगळ्यांच्या मागून आले तर गोगलगाय, जिन्यात मधेच टेकले तर वरून आवाज यायचा, आली का गं आमची गोगलगाय. मी स्वभावानेच ऐदी आहे हे मी इतक्या लवकर मान्य करून टाकलं होतं की पुढे दमायला झालं तरी ते दमणं आहे हे मला समजायचं नाही. मला वाटायचं, हा माझा आळस. आज लक्षात येतं की आई मला झापायची ती नेहमी बसून. उंबऱ्यावर, खाटेवर, ओट्याला टेकून. उभ्याने रागावलेली आई मला आठवतच नाही. ती गेली. तिची रेघ कोणी काढली नाही.

मग एक दिवस नॉर्मलला बोलावणं बंद झालं. बर्फवाली म्हणाली होती, तुझी शीर हल्ली सापडत नाही बाई, किती टोचायचं तुला, मी माझंच घेते. तिचं ते म्हणणं मला अजून शब्दन् शब्द आठवतं, कारण मला तेव्हा भरून आलं होतं. इतकी वर्षं कोणी मला टोचतंय याचं कोणाला काही वाटलं नव्हतं. मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, माणूस बघ कसं असतं. त्या दिवसापासून आमची मैत्री घट्ट झाली असं मी धरून चालले होते, आणि एका अर्थाने ते खरंच होतं. फक्त कशामुळे झाली ते तिला माहीत होतं आणि मला नव्हतं.

इंजिनिअर चहा पिऊन गेला. मीटिंगला गेलेली माणसं परत येऊ लागली होती. मी बर्फवालीला म्हटलं, जरा थंड खोलीत ये. आमच्याकडे एक फ्रिजसारखी खोली आहे. तिचं दार जाड, आत सतत पंखा घरघरतो, बाहेर खुंटीवर दोन जुने कोट टांगलेले असतात. बाटल्या ठेवायला आणि रडायला, असा त्या खोलीचा आमच्या लॅबमध्ये दुहेरी उपयोग आहे. आम्ही दोघींनी कोट घातले. दार बंद झालं.

कधीपासून माहीत आहे, मी विचारलं. ती म्हणाली, बरीच वर्षं झाली. मग तिने भराभर सगळं सांगितलं. इतकं सुसूत्र, की हे सांगायची तयारी तिने कितीदा तरी केली असणार. एक बाई तान्ह्या पोराला घेऊन आली होती. पोर मान धरत नव्हतं, दूध ओढताना दमून झोपी जायचं, आणि आमचा रिपोर्ट मात्र नॉर्मल. मग दुसरं असं आलं. तेही नॉर्मल. आमच्याकडे आजारी नमुना एकटा कधी मोजत नाहीत. शेजारी निरोगी लावतात आणि दोन्हींचा उतार ताडून बघतात. निरोगी म्हणून शेजारी मी होते. माझ्याशी ताडून पाहिलं की जग चांगलं दिसायचं. एका संध्याकाळी बर्फवालीने माझ्या जागी स्वतःचं रक्त लावलं आणि तिला दरदरून घाम फुटला, असं ती म्हणाली. पेशंट आजारीच होते. आमची मोजपट्टीच आखूड होती. तिने सरांना सांगितलं. सर म्हणाले, नमुना देणाऱ्याला निकाल सांगायचा नाही असा आपला नियम आहे, आणि ती तर चालतेफिरते आहे, दोन माणसांचं काम करते आहे, उगाच तिच्या डोक्यात कशाला किडा सोडायचा. पेशंटना त्यांनी पुन्हा बोलावून घेतलं. मला कोणी बोलावलं नाही. मी तर तिथेच होते, शेजारच्या टेबलाशी.

हे सगळं मी ऐकून घेत होते, पण खरं सांगायचं तर त्यातलं काहीच मला लागत नव्हतं. राखीव ताकद नाही तर नाही. मी आजवर जगलेच की. मला एकच विचारायचं होतं आणि ते विचारायची भीती वाटत होती, म्हणून मी कोटाच्या खिशात कोणाचा तरी जुना रुमाल सापडला तो उलगडत राहिले. लेकरू बापाचं नाक घेतं, उंची घेतं, पण तंतुकणिका घेत नाही. बापाकडून चार-दोन आल्याच तर गर्भातली पेशी त्या मोडून टाकते. त्या येतात फक्त आईकडून. आईच्या आईकडून आईला, आईकडून लेकीला. मुलग्यालाही मिळतात, पण तो त्या पुढे देऊ शकत नाही. हे मी किती परिषदांमध्ये, किती फळ्यांवर बाणाची खूण काढून समजावलं असेल. तो बाण कुठून निघतो आणि कुठे पोचतो हे माझ्याइतकं पाठ कोणाला असणार?

"माझी पोर व्हायच्या आधीपासून माहीत होतं तुला?" मी विचारलं.

ती फळीवरच्या बाटल्या सरळ करू लागली. चिठ्ठ्या समोर, झाकणं एका रेषेत. पंखा घरघरत होता. मला उत्तर मिळालं होतं.

लॅबच्या मागच्या बाजूला लोखंडी जिना आहे. त्याच्या खालच्या पायरीवर आम्ही दोघी डबा खायचो. तिथेच मी तिला एकदा विचारलं होतं, घेऊ का गं मूल? माझं वय होत चाललेलं, नवरा म्हणायचा तू ठरव, आई म्हणायची आधी स्वतःचं तर उरकतं का तुझं. सल्ला असा मी आयुष्यात एकाच माणसाकडे मागितला. मला झेपेल का, असं मी तिला विचारल्याचं मला स्पष्ट आठवतं, हाच शब्द. तिने घास खाली ठेवला आणि बराच वेळ समोरच्या सायकलींकडे बघत राहिली. मला वाटलं, तिला स्वतःला मूल नाही म्हणून तिला वाईट वाटतंय. मी मनात स्वतःला दोष दिला, की कोणापुढे काय विचारावं याचं मला भान नाही. मग ती म्हणाली, घे, मी आहे ना. आणि ती होती. दवाखान्याच्या बोळात नवऱ्यापेक्षा ती जास्त उभी राहिली. पोर पहिल्यांदा तिच्या हातात दिली तेव्हा तिने तिची छाती वरखाली होताना इतका वेळ पाहिली, की नर्स म्हणाली, अहो मावशी, द्या आता आईकडे. मावशी हे नाव तेव्हापासून. ते बघणं मी इतकी वर्षं माया म्हणून जपून ठेवलं होतं. आता तिने दिलेली प्रत्येक गोष्ट उलटी करून आतली शिवण तपासायची वेळ माझ्यावर आली होती: तिने आणलेले मऊ बूट, पोरीला सहलीला पाठवू नकोस म्हणून माझ्याशी घातलेली हुज्जत, पोर तापली की रात्र रात्र उशाशी बसणं. त्यात माया किती होती आणि पाळत किती?

"मी सांगितलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस," ती बाटल्यांकडे बघत म्हणाली.

"म्हणाले असते. तो नकार माझा होता."

"आणि मग ती नसती."

तिने मला अशा जागी आणून उभं केलं होतं जिथून रागालाही पुढे पाय टाकता येईना. तू मला फसवलंस असं म्हणायचं तर त्याचा अर्थ होतो, ती पोर नको होती. तिचे कान, तिची वाकडा भांग पाडायची सवय, तिचं झोपेत बडबडणं, हे सगळं नको होतं. फसवणूक म्हणावी तर ती अशी, की फसलेल्याला तक्रारही करता येऊ नये. मला तिचा पहिल्यांदा खरा संताप आला तो इथे. मी म्हटलं, माझं पोटचं पोर माझ्यासमोर ढाल म्हणून धरू नकोस. ती रडायला लागली. मी कोट काढून बाहेर आले.

घरी मी चालत गेले. बस सोडून दिली. रस्त्यावर दुकानांचे दिवे लागत होते, एक माणूस फुटपाथवर वाळत घातलेली गादी उचलत होता, शिकवणीच्या वर्गातून मुलांचा घोळका बाहेर पडून सायकली सोडवत होता. मी माझ्या पोटऱ्यांकडे लक्ष देत चालले होते. इतकी वर्षं मी दुसऱ्यांच्या पेशींचं ऐकत आले आणि हे दोन पाय कधी ऐकले नाहीत. चढ आला की त्यांत एक जड, आंबट कळ यायची, ती आताही आली. तिचं नाव, गाव, कारण, सगळं मला माहीत होतं. ऑक्सिजन पुरेना, की पेशी अर्धवट जाळून काम भागवतात आणि त्याचं आम्ल साठतं. माझ्या पेशींना ऑक्सिजन मिळत होता, पण घेता येत नव्हता. ताट समोर आणि हात बांधलेले. वर्गात हे सांगितलं की विद्यार्थी माना डोलावतात. मीही माना डोलावणाऱ्यांतलीच निघाले.

मागच्याच आठवड्यात पोरीच्या पुस्तकात हा धडा आला होता. तंतुकणिका हे पेशीचे ऊर्जाकेंद्र आहे. या वाक्याखाली रेघ मारून तिने मला स्वयंपाकघरात गाठलं. मला हुरूप आला. मी तिला म्हटलं, बांधकामावर विटा कशा हातोहात वर देतात, तसं समज. अन्नातून निघालेली वीट एकाने दुसऱ्याला द्यायची, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि प्रत्येक वेळी हात बदलताना थोडी ताकद मोकळी होते. त्या ताकदीने एका भिंतीच्या पलीकडे पाणी चढवावं तसे सूक्ष्म कण भरून ठेवायचे. ते परत यायला धडपडतात आणि येताना एक चाक फिरवतात. त्या चाकावर पेशीची सगळी कमाई. आणि शेवटची वीट कोण घेतं? ऑक्सिजन. त्याच्यासाठी तर आपण श्वास घेतो. पोर ओट्यावर बसून पाय हलवत ऐकत होती. तिने विचारलं, आणि मधल्याच एकाने वीट हातात धरून ठेवली तर? मला प्रश्न इतका आवडला की मी तिच्या गालावर चापट मारली. म्हटलं, मग मागच्यांचे हात भरलेले राहतात, पुढच्यांचे रिकामे, आणि चाक हळू फिरतं. ती म्हणाली, हं. मग मी तिला म्हटलं, चल उठ आता, ओट्यावरून उतर, संध्याकाळभर नुसती लोळतेस, जरा मैदानावर जा, चार फेऱ्या मार. नवरा बदलीच्या गावाहून फोनवर हेच म्हणतो, अगं ती तुझ्यावर गेली आहे. मी म्हणायची, म्हणून तर मागे लागते. मला माझ्यासारखी गोगलगाय पुन्हा घरात नको होती. मी तिला शर्यतीत नाव द्यायला लावलं, जिन्याने चढायला लावलं. ती मधेच थांबली की वरून हाक मारली. आईचाच आवाज, फक्त मी उभी असायची.

वाटेत मी वाक्यं जुळवली. पोरीला किती सांगायचं, कोणत्या शब्दांत सांगायचं. आजार म्हणायचं नाही. उद्या माझ्याबरोबर लॅबमध्ये चल, नवं मशीन आलंय, गंमत दाखवते, थोडंसं रक्त लागेल, असं म्हणायचं. निकाल आल्यावर मग बघू. आणि मग एकेक गोष्ट तिला नीट समजावून सांगायची, कारण आम्हा दोघींत आता लपवाछपवी नको. हे ठरल्यावर मला थोडं बरं वाटलं. ज्या बाईला अख्ख्या जगाने अंधारात ठेवलं ती निदान आपल्या लेकीला ठेवणार नव्हती.

पोर आतल्या खोलीत पलंगावर आडवी होती. पुस्तक उपडं पोटावर. मला बघून ती सवयीने उठून बसली, कारण लोळताना दिसली की मी बोलते. मी तिच्याजवळ बसले आणि जुळवलेली वाक्यं म्हटली. मशीन, गंमत, थोडंसं रक्त. तिने माझं बोलणं संपेपर्यंत ऐकलं. मग डाव्या हाताची बाही वर केली, कोपर सरळ केलं, मूठ वळली. लहान मुलं रक्त द्यायचं म्हटलं की हात आखडून घेतात. हिचा हात तयार होता.

"परत?" ती म्हणाली.

मी तिच्या कोपराच्या खळगीकडे बघत राहिले. माझा चेहराच तिला पुरला असेल. तिने बाही खाली केली आणि हळूहळू सांगितलं. मावशीने पूर्वी घेतलं होतं, एकदा लहानपणी आणि पुन्हा मागच्या वर्षी. रेघही दाखवली होती, तुझी आणि माझी, शेजारी शेजारी. माझी तुझ्यापेक्षा सपाट आहे. मावशी व्हिटॅमिनच्या गोळ्या देते, त्या मी शाळेत घेते. खेळाच्या बाईंना मावशी येऊन भेटली होती, म्हणून त्या मला धावायला लावत नाहीत, कडेला वेळ मोजायला बसवतात. माझ्या बाकावरच्या मुलीला माहीत आहे. बाबांनाही सांगितलंय मावशीने, तू आजीच्या आजारपणात होतीस तेव्हा. ते म्हणाले, आत्ताच आईला नको. हे सगळं ती अशा सुरात सांगत होती, जणू माझंच काही जुनं दुखणं मला समजावून सांगत असावी. नवरा, शाळा, बाकावरची मुलगी. ती शर्यतीत शेवटी आली म्हणून मी सगळ्यांदेखत बोलले होते, तेव्हा मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. आणि ती शर्यत तरी कसली होती? बाईंनी मला दाखवण्यापुरतं तिला पळू दिलं असणार.

"तू मला का नाही सांगितलंस?" मी म्हटलं. "मी एवढी ओरडायचे तुला. धाव म्हणायचे. एकदा तरी सांगायचंस."

ती पुस्तकाचा कोपरा दुमडत बसली. मावशीने शपथ घातली होती, असं काहीतरी ती म्हणेल असं मला वाटलं, आणि मी त्या उत्तराचा राग कोणावर काढायचा हेही ठरवून ठेवलं होतं.

"मावशी म्हणाली होती, सांगायचं तर सांग," ती म्हणाली. "मीच नाही सांगितलं. सगळे मला सांभाळून घेतात गं. जिना आला की हात धरतात. तू एकटीच ओरडायचीस. तुला एकटीलाच वाटायचं की मी धावू शकते."

बाहेर कोणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली. मी तिच्या केसांवरून हात फिरवावा की नाही ते मला ठरवता येईना. या घरात आजवर माझ्या अज्ञानाचा कोणाला तरी उपयोग होत होता, आणि तो आज दुपारी माझ्याच हाताने, एका थेंबाने, संपला होता. तिला तहान लागली असावी. पलंगावरून पाय खाली सोडून ती पाणी प्यायला उठली. दोन पावलं गेली असेल.

"बस तू," मी म्हणाले, "मी आणते."

ती थांबली. वळून तिने माझ्याकडे पाहिलं आणि मग पुन्हा पलंगावर येऊन बसली. रागावली नाही. बाकी सगळ्यांसमोर बसते तशी शहाण्यासारखी बसली.